तळाशी सोडलेलं शिसं

मी एक शिशाची गोळी बोलतेय. घाबरू नका, बंदुकीशी माझा काही संबंध नाही. घाबरायची सवय तर मलाच आहे. डब्याचं झाकण उघडलं की दचकते, दोरीला गाठ बसली की दचकते, आणि पाण्यात पडताना तर दर वेळी दचकते, इतक्यांदा पडूनसुद्धा.

आकाराने मी सुपारीएवढी. मधोमध आरपार भोक. मासे धरणारे लोक मला नुसतं 'शिसं' म्हणतात. गळाच्या थोडं वर मला ओवायचं आणि तळ्यात सोडायचं. गळाला जिवंत मासोळी असते. तिला तळाजवळ धरून ठेवायचं, हे माझं काम.

'धरून ठेवायचं' म्हणू की 'दाबून ठेवायचं', हे मी कितीतरी दिवस ठरवतेय. मासोळी पाण्यातलीच, तिला पाण्यात धरलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण तिला वर जायचं असतं आणि मी जाऊ देत नाही. एवढं खरं आहे.

आधी मी कुठल्याशा चारचाकीच्या चाकाला, त्याचा तोल राखायला चिकटवलेला एक तुकडा होते. ते दिवस फारसे आठवत नाहीत. नुसतं गरगरणं आणि धूळ. एका खड्ड्यात निखळले आणि रिठदच्या रस्त्यावर गोपीचंदच्या पंक्चरच्या दुकानात, माझ्यासारख्याच निखळलेल्यांच्या डब्यात येऊन पडले. नथ्थूभाऊ वाशीमच्या बाजाराला भाजी घेऊन निघाले की सायकलीत हवा भरायला तिथे थांबत. तळ्याच्या बांधाखाली त्यांचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. एकदा त्यांनी त्या डब्यात हात घातला.

गोपीचंद म्हणाला, "काय करता नथ्थूभाऊ याचं? सोन्याचे परवडत नाहीत म्हणून शिशाचे दात बसवता का?"

"दात मरळीले हायेत. हे तिच्यासाठीच पाह्यजे," नथ्थूभाऊ म्हणाले आणि मूठभर वांगी त्याच्या बाकड्यावर ठेवून मला घेऊन आले. मरळ म्हणजे तळ्यातला मोठा, दातेरी मासा.

मळ्यातल्या चुलीवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या पेटवून त्यांनी आम्हा तुकड्यांना लोखंडी पळीत वितळवलं. काळ्या मातीत सुपारी दाबून साचा केला होता, तो उन्हात कडक वाळवला होता. मधे सायकलीच्या चाकाची तार उभी केली आणि मला ओतलं. क्षणभर मी चांदीसारखी लखलखले. मग राखाडी झाले ती झालेच.

त्यांची मुलगी शुभांगी तेव्हा शाळेत जायची. ती वाकून बघत होती. "सरक मांगं. धूर नाकात नको जाऊ देऊ," ते तिच्यावर ओरडले. तीही माझ्यासारखीच, एवढ्या ओरडण्याने दचकून मेथीच्या वाफ्यात बसली. तेवढ्यात गोजराबाईंना, म्हणजे नथ्थूभाऊंच्या बायकोला, घरातली पळी कुठे गेली ते कळलं.

"ते पळी आता घरात आणसान तं तिनंच तुमाले वाढीन," त्या बांधावरून म्हणाल्या. पळी मळ्यातच राहिली.

मला कसं बांधायचं ते नथ्थूभाऊंनी शुभांगीला शिकवलं, तेव्हाच मलाही माझं काम कळलं. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी, आधी माझ्या भोकातून ओवली. खाली शर्टाचं एक बटण बांधलं, मी घसरून मासोळीच्या अंगावर जाऊ नये म्हणून.

"बटणाच्या खाली वीतभर तंगूस, अन् मंग गळ," नथ्थूभाऊ सांगत होते. "वीतभरच. जास्त सोडला तं मासोळी वर येऊन गवतात गुतते. कमी सोडला तं गाळात रुतून मरते. मेलेल्या मासोळीले मरळ तोंड लावत नाही."

"अन् गळ कोठी टोचायचा?"

"पाठीवर. वरच्या पराच्या खाली, नुसती कातडी धरून. आत काट्याले लागलं तं खलास."

"तिले दुखत असंल ना, बाबा?"

नथ्थूभाऊंनी बटणाची गाठ पुन्हा ओढून पाहिली. "दुखत असंल," ते म्हणाले. "म्हणून तं लौकर पाण्यात सोडायचं."

पाण्यात सोडल्यावर दुखायचं थांबतं की नाही, ते मला विचारा. मी तळाच्या गाळात जाऊन बसते. माझ्यावर वीतभर ती मासोळी फिरायला लागते. आधी वर झेप घेते. दोरी ताणते, मी हलत नाही. मग एका बाजूला. मग पुन्हा वर. तिचा प्रत्येक हिसका दोरीतून उतरून माझ्या पोटात थरथरतो. हळूहळू ती दमते आणि तिथल्या तिथे गोल फिरत राहते, आणि काठावर बसलेलं माणूस म्हणतं, 'मस्त खेळून राह्यली.'

माणसांचं एक मी पाहिलं आहे. गळ टोचताना ती हमखास दुसरीकडे बघतात. बोटांना सवय असते, डोळ्यांची गरज नसते म्हणा. पण मला वाटतं डोळ्यांनाच ते नको असतं. आणि मासा लागेपर्यंत सगळे कुजबुजत बोलतात. मासा ऐकेल म्हणून असेल. पण आजाऱ्याच्या खोलीत बोलतात ना, तसा तो आवाज असतो.

या तळ्याचा एक रिवाज आहे. पावसाळ्यात मरळ पिलं काढते. कुंकवाचा करंडा पाण्यात कलंडावा तसा पिलांचा लालभडक गोळा वर वर सरकत असतो. त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत फिरते. जवळ येईल त्याच्यावर धावून जाते, मग तो बेडूक असो की कुणाचा पाय. अशा वेळी वरून नुसता बेडूक नाचवला तरी मरळ लागते. इतकी सोपी शिकार दुसरी नाही, म्हणूनच ती कुणी करायची नाही. ज्याला पिलं दिसतील त्याने काठावर लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, डहाळा रोवायचा. डहाळा दिसला की बाकीच्यांनी गळ दुसरीकडे न्यायचा. बाळंतिणीच्या दाराला लावतात तोच लिंबाचा डहाळा. तळ्यावर भांडणं खूप होतात, पण तो डहाळा कुणी उपटल्याचं मी ऐकलं नाही.

मधली बरीच वर्षं मी बिस्किटांच्या डब्यात पडून होते. नथ्थूभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. त्यांच्या मुलाला, मुकेशला, मळ्यात ठिबकच्या नळ्या, फवारणी आणि मोबाइल यांतून सवड नव्हती. शुभांगी वाशीमला कॉलेजात जाऊ लागली. डबा मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, फळीवर. शेजारी गळ गंजत होते. मी गंजत नाही. एकटीला आराम वाटला तर तो चांगला म्हणायचा का? मला तर बरंच वाटत होतं. पोटात काही थरथरत नव्हतं.

यंदाच्या श्रावणात मुकेशने डबा उघडला.

त्याची बायको सुचिता वाशीमच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, ऑपरेशन करून. मुलगी झाली. घरी आणलं तेव्हा बाळ हातात मावेल एवढंच होतं, आणि सुचिताला दूध उतरत नव्हतं. डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं होतं, अंडी, डाळी खायला सांगितलं होतं, हळूहळू उतरेल म्हणाले होते. पण बाळ चमच्याने घेतलेलं निम्मं ओकायचं आणि रडायचं. मोठ्याने रडलं असतं तर एवढं वाटलं नसतं. ते बारीक, थकल्यासारखं रडायचं. डब्याच्या दुधाचा विषय निघाला की गोजराबाईंचं तोंड वाकडं व्हायचं.

"मरळीचा रस्सा पाजा तिले," त्या म्हणाल्या. "माह्या दोन्ही लेकरांच्या टायमाले मले मरळच होती."

"माय, श्रावण सुरू हाये," मुकेश म्हणाला.

"बाळंतिणीले श्रावण नसते. तुले हाये. तू नको खाऊ."

"मंग बाजारातून आणतो."

"बर्फातली? बर्फातली मरळ म्हंजे लाकूड. जित्ती पाह्यजे. तळं काय घराले पाठ करून हाये?"

तर मुकेश संध्याकाळ झाली की मला घेऊन तळ्यावर जायला लागला. सांडव्याजवळ, पिंपळाखाली, म्हशी बसतात त्या घाटावर. मासोळी टोचायची, मी तळाशी जायचं, अंधार पडायला लागला की ओढून घ्यायचं. कधी खेकड्याने मासोळी कुरतडलेली, कधी नुसताच गळ. मरळ नव्हतीच असं नाही. तळ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात ती होती. तिथे काठावर लिंबाचा डहाळा होता. मुकेश तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

एका संध्याकाळी तो हात हलवत परत आला. बाळाचं ते बारीक रडणं अंगणापर्यंत येत होतं. नथ्थूभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी हात पुढे केला आणि मुकेशकडून मला घेतलं. दिसत नसलं तरी त्यांच्या अंगठ्याने मला लगेच ओळखलं.

"रिवाज कायचा हाये?" ते म्हणाले. "पिलावरच्या मरळीचा. बरोबर? ते मरळ पिलापाशी राह्यते, वर. वरून बेडूक नाचवला तं ते लागते. आपण वरून टाकतच नाही. हे शिसं लावून सोडू. मासोळी गाळापाशीच फिरंल. तळाशी जे लागंल ते पिलावाली नसते."

"डहाळ्यापाशी टाकू म्हंता?"

"डहाळ्यापाशी. पण तळाशी."

"पक्कं, बाबा?"

"पक्कं."

शुभांगी दारात उभी होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून बाळ पुन्हा रडलं आणि तिने तोंड मिटलं.

नथ्थूभाऊंनी मला स्वतः बांधलं, चाचपून चाचपून. बटणाखाली वीत मोजून पाहिली. पुन्हा मोजली. इतक्या काळजीने मला कुणी कधी बांधलं नव्हतं. मला कळत होतं ते काय करतायत ते. घराला पाप लागू नये, ही जबाबदारी ते माझ्या गळ्यात बांधत होते. मी खाली राहायचं, मासोळीला खाली ठेवायचं, म्हणजे सगळे सुटले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मुकेश आणि शुभांगी त्या कोपऱ्यात आले. मुकेशने दोरीचं टोक बाभळीच्या खोडाला बांधलं आणि त्यावर खडे घातलेला एक रिकामा डबा अडकवला, दोरी हलली की वाजावा म्हणून. मासोळी टोचली. डहाळ्याकडे त्याची पाठ होती. मी पाण्यात पडले आणि नेहमीसारखी दचकले.

खाली जाऊन बसल्यावर मी वर पाहिलं. पाणी गढूळ होतं, तरी उजेड होता. त्या उजेडात तो लाल गोळा हळूहळू सरकत होता. इतकी पिलं, आणि एकाच अंगासारखी वळायची. खाली दोन लांब काळ्या सावल्या.

मी जमेल तेवढी गाळात रुतले. मनात म्हणत होते, मी आणखी खाली गेले की मासोळीही खाली येईल, वरच्यांना दिसणार नाही. पण वीत म्हणजे वीत. मासोळी वर झेपावत होती. त्या दिवशी जरा जास्तच. दर झेपेला तिची पाठ चमकायची. मी तिला खाली धरून ठेवत होते आणि म्हणूनच ती तिथून जात नव्हती. सुटी असती तर केव्हाच पळाली असती. पिलांच्या बरोबर खाली, एकाच जागी, जाता जात नाही असं काहीतरी चमकतंय. वरून बघणाऱ्याला ते काय वाटलं असेल?

मरळ वरून आली. हे मी पाहिलं आहे. मी सोडून कुणीच पाहिलेलं नाही.

सावली तिरकी झाली आणि सरळ खाली. माझी मासोळी एकदम गप्प झाली. भुकेने आलेली मरळ कशी घेते ते मला ठाऊक आहे. एका घासात, आणि तिथेच गिळते. हिने गिळली नाही. जबड्यात धरली आणि बाजूला न्यायला लागली, पिलांपासून लांब. घरात शिरलेला विंचू आपण फडक्यात धरून बाहेर नेतो ना, तशी.

दोरी माझ्या पोटातून सरसर जायला लागली. माझं भोक त्यासाठीच असतं. मासोळीच्या जोराने दोरी सरकत नाही, पण मोठा मासा ओढतो तेव्हा ती नुसती घसरते, माझं वजन त्याला कळत नाही. कळलं तर तो संशय घेऊन सोडून देतो. मी तिथेच पडून होते आणि ती जात होती. सोड, सोड, असं मी म्हणत होते. शिशाला आवाज नसतो.

वर डबा खडखडला. शुभांगी किंचाळली, ते मला पाण्याखालीसुद्धा ऐकू आलं. मुकेशने दोरीला हिसका दिला.

"तळाची हाये!" काठावर तो नाचत होता. "पाह्य शुभे, तळातूनच लागली! बाबा सांगत होते तसंच!" मरळ गवतावर उलटीपालटी होत होती, चांगली हातभर. शुभांगी मरळीकडे बघत नव्हती. पाण्याकडे बघत होती. पण लाल गोळा तेव्हा कुठेतरी गवतात सरकला होता, आणि मरळ तळाचीच असावी, असं तिलाही वाटत होतं.

घरी आल्यावर मुकेशने मला दोरीसकट खुंटीला अडकवलं. खुंटी सुचिताच्या दाराशेजारी, समोर चूल. तिथून सगळं दिसतं, हे माझं नशीब.

गोजराबाईंनी हाताला राख लावून मरळ चिरायला घेतली. त्या मासा चिरायला बसल्या की मोठी करमणूक असते. पोटातून काय निघालं ते सगळ्यांना दाखवतात. 'पाह्य, खेकडा गिळला बयेनं', 'हिच्या पोटात तं आपल्यापेक्षा जास्त बाजार हाये'. त्या दिवशी पोट चिरलं आणि त्यांचा हात थांबला. मग कुणाला न दाखवता त्यांनी आतडी उचलली आणि उठून, पार कुंपणापलीकडे जाऊन फेकून आल्या.

रस्सा झाला. वाटी घेऊन त्या सुचिताकडे गेल्या. सुचिता भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ.

"आत्याबाई, पिलावरची नाही ना?" तिने विचारलं.

"मुकेश म्हंते तळाची हाये."

"तुमी काय म्हंता?"

"मी म्हंते थंडं होऊन राह्यलं. पेऊन घे."

सुचिताने वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. रश्श्याने उतरलं की उतरायचंच होतं, मी काय सांगू? डॉक्टर तर म्हणालेच होते. पण घराची कळा पालटली. बाळ पिऊन झोपायला लागलं. मुकेश शिट्टी वाजवत मळ्यात जायचा. नथ्थूभाऊंनी खुंटीपाशी येऊन मला एकदा हात लावला, शाबासकी दिल्यासारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुभांगी रोज टोपली घेऊन सांबार आणायला म्हणून जायची आणि उशिरा यायची, कधी कधी टोपली तशीच रिकामी. हाताला चिखल, ओढणीला कुसळं.

"तळ्यावर काय नवरा पाह्यून ठेवला का?" गोजराबाईंनी विचारलं. एरवी ती या बोलण्यावर तणतणली असती. त्या दिवशी "नाही वो माय" म्हणून आत गेली. जाताना खुंटीपाशी क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

मग दूध पुन्हा कमी झाल्यासारखं वाटायला लागलं. बाळ रडलं की गोजराबाई मोजल्यासारखं ऐकत. एका दुपारी म्हणाल्या, "एक मरळ अजून झाली की पोरगी अंग धरंल." मुकेश पाटावरून बारक्या मासोळ्या पकडून झाकणाच्या डब्यात घेऊन आला. डब्यात त्यांची चुळबुळ चालली होती. त्याने मला खुंटीवरून काढलं. नथ्थूभाऊ वीत मोजायला सरसावले.

"दादा, नको जाऊ," शुभांगी म्हणाली.

"काहून?"

"नको जाऊ ना."

"अवं पण काहून?"

"ते पिलावरची होती." एकदा तोंडातून निघाल्यावर ती थांबेना. "मी दुसऱ्याच दिवशी पाह्यलं. दोघं होते ना, त्यातलं एकच उरलं आता. एकटीच फिरून राह्यली. ह्या बाजूनं जाते तं त्या बाजूनं बगळा टिपते. गोळा लहान होऊन राह्यला दादा. मी ढेकळं मारून राह्यली रोज बगळ्याले. पण मी घरी आली की मंग?"

"तळाशी टाकलं होतं!" मुकेश ओरडला. "शिसं लावलं होतं. बाबाले विचार!" आणि त्याने मला सगळ्यांसमोर उंच धरलं, साक्षीदारासारखं. मी लोंबकळत होते. साक्षीला मला बोलावलं होतं, आणि मलाच सगळं ठाऊक होतं.

नथ्थूभाऊंनी मान खाली घातली. "मले वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं, बाबा?"

"मले वाटलं होतं का तसं असावं."

मग गोजराबाई चुलीकडे बघतच म्हणाल्या, "पोट कोरं होतं तिचं. काहीच नव्हतं आत. पिलं राखणारी खात नाही."

"माय, तुले मालूम होतं?"

"मालूम होतं. मंग काय फेकून देऊ? आत लेकरू रडत होतं. तुमी काय ते पाप-पाप करान. माह्यासमोर तं ते लेकरू होतं."

"आत्याबाई, मलेबी मालूम होतं."

सुचिता उंबऱ्यात आली होती. एका हाताने टाके धरलेले, दुसऱ्यात बाळ. "मी विचारलं तवा तुमी माह्याकडं नाही, चुलीकडं पाह्यलं. तवाच समजलं मले. तरी पेली." तिने बाळ सावरलं. "अन् खरं सांगू? चांगली लागली. वाटी चाटून पेली मी."

शुभांगी रडायला लागली. सुचिता रडत नव्हती.

"एक डाव पेली. आता नाही पेत."

"अन् दूध आटलं तं?" मुकेशने विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"तं डब्याचं पाजू. ओकलं तं पुन्हा पाजू. डॉक्टरनं सांगतलंच हाये."

"डब्याच्या दुधानं कोणाचं..." गोजराबाई म्हणायला लागल्या.

"आत्याबाई, ते मरळ तिकडं एकटी हाये."

गोजराबाईंनी चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे केलं. मग डब्याकडे बोट दाखवून शुभांगीवर खेकसल्या, "मंग हे मासोळ्या कायले कोंडून ठेवल्या? रडत बसण्यापेक्षा सोडून ये जाय."

शुभांगी डबा घेऊन धावत गेली. मासोळ्यांची ती चुळबुळ दूर दूर जाताना मी ऐकली. माझ्या पोटात न थरथरता निघून गेलेल्या या पहिल्याच.

माझं काय करायचं, हा प्रश्न संध्याकाळी निघाला. नथ्थूभाऊ म्हणाले, तळ्यात फेकून दे. शुभांगी म्हणाली, नको बाबा, शिसं पाण्यात राहिलं की पाण्यालाच बाधतं. सुचिता म्हणाली, मग राहू दे खुंटीला. शुभांगी म्हणाली, बाळाजवळ तर मुळीच नको. म्हणजे मी मुळातच विष आहे, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी समजत होते, वाईट ते फक्त माझं काम. शेवटी तंगूस ओढून काढली आणि मला मोटारीच्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवलं.

बाळ डब्याचं घेतं, आईचंही घेतं. ओकतंही. सुचिता पुसते आणि पुन्हा पाजते. गोजराबाई तोंड वाकडं करतात, पण बाटली उकळायला पाणी त्याच ठेवतात. हे मला मोटार सुरू करायला येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळतं.

परवा शुभांगी आणि नथ्थूभाऊ दोघं आले होते. मोटार सुरू झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, बगळा होता आज. पण गोळा नाही दिसला. मरळबी नाही दिसली."

"मोठे झाले असतील," ते म्हणाले. "मोठे झाले की पांगतात."

"पक्कं, बाबा?"

"पांगले असतील," ते म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

मासे धरू नका, असं सांगणारी मी कोण? भूक काय असते ते मी त्या बाळाच्या आवाजात ऐकलं आहे. सुचिताने वाटी नाकारायला हवी होती, असंही माझ्याने म्हणवत नाही. मी एवढंच म्हणते की तळाशी सोडलं म्हणजे आपण सुटलो, असं कुणी शिशाच्या भरवशावर म्हणू नये. खाली जाऊन बसणं एवढंच मला येतं. वर कोण आहे आणि ते कशासाठी खाली येईल, ते माझ्या हातात नव्हतं. तुमच्या डोळ्यांसमोर मात्र होतं. तिथे डहाळा लावलेला होता.

त्या घरातल्या सगळ्यांनी आपापलं सांगून टाकलं. त्यानंतर त्यांचा आवाज मोकळा झालेला मी ऐकला आहे. माझं कुणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. सांगूनही मी तेवढीच जड आहे.

निरोप घेते. पण एक काम सांगू का? पुढच्या पावसाळ्यात कधी रिठदकडून या बांधावरून गेलात आणि त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात एखादी तरणी मरळ किंवा लाल गोळा दिसला, तर मळ्यातल्या मोटारीच्या खोलीशी जरा थांबा. खिडकी फुटकी आहे. आपसांत बोलल्यासारखं, पण जरा मोठ्याने बोला. मोटारीच्या आवाजात बारीक बोललेलं मला ऐकू येत नाही.